डब्ब्यातला झरा

...अन् वरून म्हणते काय, "आई, तू ऐकून तर बघ, मन एकदम शांत होतं." आता तुम्हीच सांगा बाप्पा, माझं मन अजून कायले शांत करता? घर शांत, आंगन शांत, देव्हाऱ्यातले देव त आधीपासूनच शांत, ट्यूबलाइटच्या मागं एक पाल हाय ती बी आजकाल चुकचुकत नाही... अन् अशा घरात अजून शांत व्हाचं म्हणून माझ्या पोरानं पुण्याहून डब्बा आणून देल्ला. आवाजाचा डब्बा. गुळाच्या भेलीएवढा, काळाकुट्ट, पोटात निळा लाइट. पहिल्यांदा पाह्यला त म्हटलं, उंदरं पकडाची मशीन असन.

तुम्हाले सांगतो, झालं काय होतं. मले फोन लावाची खोड हाय. आमचे हे, विठ्ठलराव, गेल्यापासून त जास्तच. आता एकटी बाई, सकाळचं वरणच संध्याकाळी खाते, भांडी काय त एक ताट अन् एक गिलास, ते बी घासताना आवाज करत नाही, कारण त्याच्यावर आदळाले दुसरं ताटच नाही... मंग दिवसभर करन काय? त मी अमरले फोन लावतो. अमर म्हणजे माझा पोरगा, एकुलता एक, पुण्याले कॉम्प्युटरसमोर बसते. फोन लावला का त्याचं ठरलेलं, "आई, मीटिंगमध्ये आहे." सकाळी लावला, मीटिंग. जेवाच्या टायमाले लावला, मीटिंग. अबे, आमची ग्रामसभा बी एवढी चालत नव्हती, अन् तिथं त भांडणं होत.

एकदा मी रागारागात म्हटलं, "अमर, हे घर मले खायले उठते रे." झालं. दिवाळीत आला अन् डब्बा काढून टेबलावर ठेवला. म्हणते, "आई, पाठीमागं काहीतरी हळू चालू असलं की एकटं वाटत नाही." म्हटलं, बाबू, पुढं कोणी असलं तवा पाठीमागं वाजवू ना. पण त्याले कोण सांगते. सूनबाई म्हणे, "आई, आमच्याकडे सगळे हेच ऐकतात." गाणं नाही, भजन नाही, बातम्या नाही. नुसता आवाज. पाण्याचा, वाऱ्याचा, किड्यायचा. म्हणजे जे आवाज फुकटात मिळत होते अन् आपण कान झाकत होतो, तेच आता डब्ब्यात भरून ऐकाचे. जाऊ द्या. ज्याच्या त्याच्या कानाचा मामला हाय बाप्पा.

अमरले समुद्र पसंत. लावला त्यानं. घुऽऽश... चुप. घुऽऽश... चुप. मी काही कधी समुद्र पाह्यला नाही. डोळे मिटून ऐकून राह्यली, त मले वाटलं हे बाजूले झोपले हाय. असेच घोरत. खोटं कायले सांगू, हात गेला माझा बाजूले. उशी लागली हाताले... मी म्हटलं, बंद कर रे तो समुद्र. पोरगा म्हणते, "आई, साऱ्या जगाला याच्यानं झोप लागते." लागत असन. जगाले कुठं माईत, विठ्ठलराव कसे घोरत.

समीक्षा, म्हणजे सूनबाई, तिची तऱ्हा न्यारी. तिले काटक्या जळाचा आवाज पाह्यजे. तडतड, तडतड. सोफ्यावर पाय वर घेऊन, डोळे मिटून, "किती छान ऊब वाटते ना आई." अवो बाई, माझी सारी जवानी त्या तडतडीसमोर गेली, तो आवाज आला का माझे डोळे चुरचुरते, नाकातून पाणी येते, अन् वाटते सासू मागून म्हणन, "भाकर करपली व." तिले ऊब वाटते, मले धूर वाटते. आवाज तोच. सांगा आता.

अन् जंगल. त्यात किडे किर्रकिर्र करते अन् मधात एखादं पाखरू ओरडते. हे ऐकून म्हणे लोकं झोपते. कसे झोपते बाप्पा? आमचं वावर जंगलाले लागून. ते किर्र चालू असलं का आम्ही मचाणावर जागे, अन् ते बंद झालं का हे मले कोपर मारत, "उठ व, डुकरं शिरली तुरीत." तो आवाज जागं राहाचा हाय. त्यावर आम्ही झोपलो असतो त सारी तूर रानडुकरायनं खाल्ली असती, अन् अमर शिकाले पुण्याले गेला नसता, अन् मंग त्यानं मले हा डब्बा आणला नसता. आता पाहा, कुठून कुठं येते गोष्ट.

त हे दोघं आपला डब्बा ठेवून गेले. समोरची रंजिता हाय, तिनं मले शिकवलं. फोनवर इथं दाबा काकू, असं सरकवा काकू, का फोनमधला आवाज डब्ब्यात वाजते. गुणाची पोरगी. मी रोज नवीन आवाज लावून पाहो. पाऊस लावला एक दिवस. स्वतःच लावला, स्वतःच इसरली, अन् गच्चीवर कुरडया वाळत टाकल्या होत्या, त पदर खोचून पळाली. वर ऊन असं का डोक्यावर भाकर ठेवली त भाजून निघन. अन् खाली माझ्या घरात धो धो. मी गच्चीवर उभी राहून एकटीच हसली. मंग वाटलं, आता हे सांगाव कोणाले? फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे."

बाजूचे मधुसूदनराव आले एकदा. कचेरीतून रिटायर झालेले, भल्ले टापटिपीचे, बनियन बी इस्त्री केल्यासारखी. त्यायले वाटीचा आवाज पसंत पडला. काश्याच्या वाटीवर कोणी लाकूड घासते... ङंऽऽऽ. राव खुर्चीवर ताठ बसले, डोळे मिटले, म्हणे, "विमलताई, ही नादसाधना आहे." मी चहा ठेवला. चहा झाला. चहा निवला. चहावर साय आली. रावायची साधना काही संपत नाही. मंग मी काय केलं, हळूच डब्बा बंद केला, अन् पितळी परात मांडीवर घेऊन तिच्यावर चमचा घासत बसली. राव डोळे मिटूनच म्हणते, "आता... आता खरी लागली तंद्री." मी घासून राह्यली, हात दुखाले लागला, पण त्या माणसाच्या तोंडावर जे सुख होतं ना, मले काही परात सोडवेना. ज्याच्या त्याच्या कानाचा मामला हाय बाप्पा, आपण काय, घासून द्याचं.

अन् लालीबाई. ती तांड्यावरची, पण आता पोरासोबत आमच्याच गल्लीत राहते. मले याडी म्हणते, म्हणजे तिच्या बोलीत आई. तिनं सारं ऐकून घेतलं, समुद्र, जंगल, वाटी, अन् म्हणे, "याडी, यात चक्कीचा आवाज नाही का?" पिठाची चक्की. म्हणे मले तिथंच झोप लागते. खरंच लागते. दळण घेऊन गेली का चक्कीवाल्याच्या पोत्यावर बसल्या जागी घोरते, चक्की बंद केली का दचकून उठते अन् त्याच्यावरच चिल्लावते, "बंद काहून केली रे?"

राह्यला झरा.

आता हे नीट ऐका, कारण इथंच माझी खोड नडली. आमच्या इकडे उन्हाळ्यात नळाचा काही नेम नसते. कधी पहाटे येईन, कधी भर दुपारी, कधी येणारच नाही. नळ सारे समोर, फाटकाजवळच्या खड्ड्यात. त बाया काय करते, सयपाक करून राह्यल्या असो का टीव्ही पाहून राह्यल्या असो, एक कान नळाकडे. झोपल्या तरी तो कान जागा. नळ आधी सुसू करते, मंग गुळगुळ करते, अन् मंग धार पडते. त्या गुळगुळीवर सारी गल्ली उठते. तुमचा समुद्र अन् तुमची वाटी गेली चुलीत, आमच्या गल्लीत यापेक्षा गोड गाणं नाही.

त मे महिना. दुपार. बाहेर ऊन मी म्हणते. सारे दरवाजे बंद, सारे कूलर चालू, गल्लीत कुत्रं बी नाही. मी झरा लावला अन् डब्बा खिडकीत ठेवला. कायले ठेवला? आतमधी ठेवला का वाटे कोणी मोरीत नळ उघडा टाकला, म्हणून. दुसरं काही नाही, शप्पत. झरा आपला झुळझुळ, गुळगुळ... अन् एकदम ठन्न. रंजिताचा गुंड, म्हणजे पाण्याची कळशी. पोरगी अर्धी पोळी हातात घेऊन बाहेर, "नळ आले वोऽऽ." का सारी गल्ली उघडली. कोणी बकेट, कोणी गंज, कोणी ड्राम गडगडवत. मधुसूदनराव पाइप खांद्यावर घेऊन, जसं काही वावरात साप पकडला. अन् खड्ड्यात पाह्यतात त ठणठण कोरडं.

"आवाज त येऊन राह्यला."

"पलीकडच्या गल्लीत आले असन."

"हवा हाय पाइपात. हवेच्या मागून पाणी येते," असं मधुसूदनराव म्हणे. त्यायनं खाली वाकून नळाले कान लावला. "येतंय. येतंय."

मी खिडकीत. हसू असं आलं का तोंडात पदर कोंबला. पण सांगाचं होतं मले, खरंच सांगाचं होतं, तोंड उघडलंच होतं... त रंजितानं वर पाह्यलं अन् म्हणे, "काकू, बकेट आणा न तुमची. बसा इथं सावलीत."

बसा इथं.

आता तुम्ही म्हणान, यात काय हाय एवढं. तुमच्या घरी कोणी ना कोणी रोज म्हणत असन, बसा इथं. मी आवाज जरासा बारीक केला, खिडकी अर्धी लोटली, बकेट घेतली अन् जाऊन बसली.

काय सांगू तुम्हाले त्या दुपारचं. पाणी येणार म्हणून कोणी उठेना. बकेटा उलट्या करून साऱ्या बसल्या लिंबाखाली. लालीबाईनं शेंगदाणे आणले भाजलेले, कोणी कैरी कापली, तिखटमीठ लावलं. रंजितानं मायेरचं गाऱ्हाणं सांगितलं, मी माझ्या सासूची नक्कल केली, त्या हसू हसू लोळल्या. अन् मागं माझ्या खिडकीतून हळूहळू झुळझुळ... तवा मले अमरचं म्हणणं पटलं हो. पाठीमागं काहीतरी हळू चालू असलं का एकटं वाटत नाही. पुढं बाया बसलेल्या पाह्यजे फक्त.

मंग काय, मले चटकच लागली. मन लागलं नाही का लाव झरा. त्यात बी मी हुशार झाली. आधी बारीक ठेवाचा, मंग वाढवाचा, मधात बंद करून पुन्हा लावाचा, नळ कसा नखरे करते तसा. अन् स्वतःच सगळ्यायच्या आधी बकेट घेऊन बाहेर, तोंडावर असा भाव का जशी देवळात चालली. कधी कधी बिचारा खरा नळ बी येऊन जाये, म्हणून कोणाले शंका नाही. मधुसूदनरावायनं त नळाच्या साहेबाले तक्रार केली, का आमच्या नळाले आवाज येतो पण पाणी येत नाही. त्यायनं उत्तर देल्लं म्हणे, का आवाज आमच्याकडे येत नाही. म्हणजे साहेबाचा बी कान वेगळा. ज्याच्या त्याच्या कानाचा मामला हाय बाप्पा.

अन् मंग तो दिवस. चांगली बैठक जमलेली. झरा चालू. मधुसूदनराव नळाले कान लावून, "येतंय." मी बकेटीवर, एक गोष्ट सांगून राह्यली, सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहून राह्यल्या, अन् माझ्या कमरेत फोन थरथरला. काढून पाह्यला त अमर. अमर, आपणहून. मी लावलेला नाही, त्यानं लावलेला. आता तुम्हीच सांगा, आईले भान राहते का? मी झटकन हिरवं दाबलं.

अन् झरा थांबला. अन् माझ्या खिडकीतून, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असा, माझा पोरगा बोलला, "आईऽ, काय करतेस? तो झऱ्याचा आवाज लावतेस ना? सगळ्यात भारी आहे तो. डबा खिडकीत ठेवत जा, मस्त घुमतो."

मी फोन कानाले लावून, "हो बाबू, हो बाबू..." तो खिडकीतून म्हणते, "शेजारी त्रास नाही ना होत कोणाला? बरं, ठेवतो, मीटिंग आहे." अन् ठेवला. अन् त्यानं ठेवला का तो मेला झरा आपोआप पुन्हा चालू झाला. झुळझुळ... गुळगुळ...

मधुसूदनरावायनं नळावरचा कान काढला, कानाले लागलेली माती पुसली, अन् पाइपाची गुंडाळी करत करत घरात गेले. लालीबाई उठली, तिचा रिकामा गुंड माझ्यासमोर आणून ठेवला अन् म्हणे, "याडी, दे भरून तुझ्या खिडकीतून." हे बरं होतं. हे भांडण होतं, भांडणाचं मी पाहून घेतलं असतं. पण रंजिता काहीच नाही बोलली. ती पोरगी दरवेळी झोपलेलं लेकरू टाकून धावत येत होती, हे मले तवा सुचलं. तिनं बकेट उचलली, दरवाजा लावला, आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्या डब्ब्यात सारे आवाज हाय, तो नाही.

तवापासून अबोला. मी घरोघरी जाऊन आली, चुकलं म्हणून. साऱ्या म्हणे, "नाही नाही काकू, काही नाही." अन् दरवाजा लोटून घेते. आता नळ आला का बाया पहिले माझ्या खिडकीकडे पाह्यते, खिडकी बंद असली का मंग गुंड काढते. पाणी भरते अन् पटापट घरात. लिंबाखाली कोणी बसत नाही. रंजिता माझी बकेट बी भरून ठेवते पायरीवर, म्हातारीले उचलत नाही म्हणून. भरून ठेवते, पण हाक मारत नाही. मी दरवाजा उघडतो त बकेट उभी, रंजिता गेलेली. शिव्या देल्ल्या असत्या त मी बसून खाल्ल्या असत्या...

डब्बा मी कपाटात टाकला, साड्यायच्या खाली. अन् घरात असं शांत झालं, असं शांत झालं, का मले माझ्याच पोटाची गुरगुर ऐकू येऊन राह्यली.

शेवटी न राहवून अमरले फोन लावला. म्हटलं, म्हणन आता मीटिंग. पण त्या दिवशी म्हणे, "हां आई, बोल." मी बोलली. नळापासून त कैरीपर्यंत, रंजिताच्या कडीपर्यंत सारं सारं सांगितलं, रडली बी जराशी. तो "हं... हं..." करून राह्यला. अन् मागून टकटक, टकटक. बोटं चालून राह्यली होती त्याची त्या कॉम्प्युटरवर.

मी म्हटलं, "ऐकून राह्यला ना रे?"

"हो आई, बोल ना."

आता माझी जात खोडकर, मले कुठं राहवते. मी म्हटलं, "अमर, काल मी विहिरीत पडली."

"हं. बरं झालं."

"मधुसूदनरावायसोबत पळून चालली मी उद्या."

"हं... हं. छान."

"तुझ्या बायकोले मी विकून टाकलं बाजारात."

"अच्छा. मग?"

आता याले काय बोलाव? फोन कानाले तसाच धरून गप्प बसली. त तिकडची टकटक बी थांबली. अन् तो एकदम म्हणे, "आई? थांबलीस का? बोल ना गं."

मी म्हटलं, "तू ऐकून त राह्यला नाही रे."

त म्हणे, "अगं, ऐकायचं नसतं ते. मागं चालू असलेलं बरं वाटतं. इथं सगळे कानात पाऊस नाहीतर समुद्र लावून बसतात, मला नाही जमत आता, डोकं दुखतं. तू बोलत असलीस ना, की काम सटासट होतं. कशावरही बोल, चालेल. फक्त एका लयीत बोल, मध्येच ओरडू नको."

तर तुम्हाले सांगतो, आता रोज संध्याकाळी आमचं हेच हाय. मी फोन लावतो, तो आता मीटिंग म्हणत नाही, तो म्हणते, "हां आई, चालू कर," अन् फोन टेबलावर ठेवून देते. अन् मी आपली चालू होतो. भाव, भाजी, पाल, गुडघे, कोण मेलं, कोणाची म्हैस व्याली... मधात पाणी प्याले थांबली का तिकडून आवाज येते, "आई?" मंग मी गिलास तसाच ठेवतो अन् पुन्हा बोलाले लागतो. तो ऐकत नाही, मले माईत हाय. पण बंद त करत नाही ना बाप्पा.